तांबडा रस्सा, व्हाया ग्वादालाहारा

मेक्सिकन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते मॉलच्या फूड कोर्टातले कडक, कुरकुरीत टाकोज. खरा टाको मऊ असतो. आणि त्यातला बिरियाचा टाको तर अस्सा, की त्याच्यासाठी चार तास रस्सा मंद रटरटावा लागतो. त्या चार तासांत आणखीही बरंच काही शिजतं, हे मला माझ्या ताईच्या घरी कळलं.

ग्वादालाहाराला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं ताईचा फ्रीझर उघडला आणि एक पाकीट हातात घेऊन विचारलं, ‘‘हे कशाचं गं?’’

ताई हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर. दाजी बाळाला घेऊन खाली गेलेले. उत्तर द्यायला उरले मी. पाकिटावर लिहिलं होतं, ‘चांबारेते दे रेस’. माझं स्पॅनिश तेव्हा ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’च्या पुढं गेलेलं नव्हतं. पण ‘रेस’ म्हणजे गाय-बैल, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण निघायच्या आदल्या रात्रीच ताईनं फोनवर बजावलं होतं, ‘‘रेस लिहिलेलं काही आईच्या हाती लागू देऊ नकोस.’’

आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. तिनं पाकीट होतं तिथं ठेवलं, हात धुतले आणि कोल्हापूरहून बॅगेत घालून आणलेलं छोटं पातेलं बाहेर काढलं. त्या दिवसापासून तिचा वरणभात वेगळा. एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आम्हा दोघी बहिणींना वाटत राहिलं.

आता थोडा फ्लॅशबॅक. ताई पुण्यातून इंजिनीअर झाली, आयटीत लागली आणि २०१८ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून ग्वादालाहाराला गेली. हालिस्को राज्याची ही राजधानी. इथं भारतीय आयटी कंपन्यांची ऑफिसेस आहेत, त्यामुळं आपली मराठी पोरं-पोरी दिसतात. दोन वर्षांची चार झाली आणि २०२२ मध्ये ताईनं तिथल्याच मुलाशी रजिस्टर लग्न केलं. आई-बाबा गेले नाहीत. नातेवाइकांना सांगायचं कारण ‘व्हिसा’. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

मग भाची झाली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला आईनं जाहीर केलं, ‘‘मी जाणार.’’ बाबा म्हणाले, ‘‘तू जा. माझे गुडघे दुखतात.’’ सोबतीला मी. कारण घरच्यांच्या मते फ्रीलान्स जर्नालिस्ट म्हणजे ‘रिकामीच असतीस की’.

बिरिया म्हणजे काय रे भाऊ?

वाढदिवस रविवारी. पाहुणे तीसएक. आणि स्वयंपाक करणार दाजींच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. मेनू ठरलेला: बिरिया दे रेस. बीफची बिरिया आणि तिचे टाकोज.

विहीणबाई मूळच्या हालिस्कोतल्या एका खेड्यातल्या. लग्नानंतर पंचवीस वर्षं अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआना शहरात काढली आणि नवरा गेल्यावर मुलाजवळ राहायला आल्या. त्यांच्या हातच्या बिरियाचं दाजींच्या सगळ्या खानदानात नाव. सूनबाईच्या माहेरचं माणूस पहिल्यांदा येतंय म्हटल्यावर त्या ती करणार, हे ओघानंच आलं. आणि माझी आई त्यातला एक घास खाणार नाही, हे त्यांना सांगायची ताईची हिंमत होत नव्हती.

‘‘असं कर,’’ ताई मला म्हणाली, ‘‘तू त्यांच्याकडे बिरिया शिकायला जा. त्यांना हात मिळेल. आणि बोलता बोलता विषय निघाला तर बघ.’’ म्हणजे थोडक्यात, डोक्याला शॉट माझ्या.

गंमत बघा, स्पॅनिशमध्ये ‘बिरिया’ या शब्दाचा एक अर्थ आहे टाकाऊ, कवडीमोलाची वस्तू. पदार्थ मात्र लग्न, बारसं आणि ख्रिसमसच्या पंगतीतला. मुळात हे मांस मिरची-मसाल्याच्या वाटणात मुरवून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं. अगदी जुन्या पद्धतीत जमिनीतल्या भट्टीत किंवा भांड्याचं झाकण कणकेनं लिंपून. आपण हंडीला दम देतो ना, तस्संच. त्यातला रस्सा म्हणजे कॉन्सोमे, तो वाडग्यात वेगळा प्यायचा. आणि इन्स्टाग्रामवर ज्याचे व्हिडिओ बघून आपण ऑफिसात लंच टाइमला उसासे टाकतो तो क्वेसाबिरिया टाको म्हणजे या रश्श्याच्या तेलात बुडवून तव्यावर भाजलेली मक्याची टॉर्टिया, त्यात चीज, त्यात मांस, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबू. घास रश्श्यात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा.

मिरची नाकानं भाजायची

विहीणबाईंच्या ओट्यावर तीन वाडग्यांत तीन वाळक्या मिरच्या होत्या. लांबट, तुकतुकीत, लालभडक ती ग्वाहिओ. तिच्यात रंग जास्त, तिखटपणा बेताचा. आपली ब्याडगीच म्हणा ना. रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी ती आंचो. तिला मनुक्यासारखा गोडसर वास. आणि पोरीच्या करंगळीएवढी ती आर्बोल. तिचं नाव घेताना बाईंनी जीभ बाहेर काढून हातानं वारा घातला, म्हणजे ती कशी असते ते कळलं.

आमची भाषा हीच. त्यांचं स्पॅनिश, माझे हातवारे, आणि अगदीच अडलं तर मोबाइलचं ट्रान्सलेटर.

मिरच्यांची देठं आणि बिया काढल्या. बाईंनी ‘कोमाल’ म्हणजे तवा तापवला आणि काम माझ्यावर सोपवलं. मी मोबाइलमध्ये वेळ लावला. एकेक मिनिट, दोन्ही बाजूंनी. चाळीस सेकंदांतच ठसका लागला आणि मिरचीवर काळे डाग पडले. मला वाटलं, मस्त, स्मोकी फ्लेवर! बाईंनी एक तुकडा मोडून माझ्या जिभेवर ठेवला. कडूजहर. सगळ्या मिरच्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या आणि दोनच शब्द ऐकू आले, ‘‘ओत्रा व्हेस.’’ परत कर.

संध्याकाळी हे घरी सांगितलं, तर पातेल्यातलं वरण ढवळणारी आई पाठमोरीच म्हणाली, ‘‘मिरची काय घड्याळ लावून भाजतीस? मिरची नाकानं भाजायची. खमंग वास आला की उतरायची. ठसका लागेस्तोवर थांबलीस म्हणजे गेली.’’

दरवर्षी उन्हाळ्यात दहा-दहा किलोंचा कांदा-लसूण मसाला करणारी बाई ती. चार दिवसांत पहिल्यांदा त्या घरातल्या स्वयंपाकाबद्दल काहीतरी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी मी नाक लावून भाजल्या. एका बाजूला दहा-पंधरा सेकंद, बस्स. मग गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या. मग टोमॅटो, कांदा, लसूण, आल्याचा तुकडा, व्हिनेगर, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि ओरेगानो घालून मिक्सरमधून काढायच्या आणि चाळणीतून गाळायच्या. गाळायचा कंटाळा केलात तर मिरचीची सालं दातात येतात.

त्या वाटणाकडे बघताना जाणवलं, यातलं कुठलं आपलं आणि कुठलं त्यांचं? मिरची, टोमॅटो आणि मका मूळचे त्यांच्याकडचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली, त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्याचा होता. म्हणजे त्याआधी कोल्हापूरच्या रश्श्यात मिरची नसेलच, ही कल्पना करून बघा! उलट मिरी, लवंग, दालचिनी आपल्या बाजूची. ती स्पेनच्या जहाजांतून तिकडे पोचली. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, फिलिपिन्समधल्या मनिलाहून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात स्पॅनिश गलबतं ये-जा करायची. त्यांनीही हा आशियातला मसाला वाहून नेला. विहीणबाईंच्या मिक्सरमध्ये त्या दिवशी दोन्ही वाटा एकत्र फिरत होत्या.

घाई केलीत, तर फसलात

मांस कुठलं घ्यायचं, याचा फंडा सोपा आहे. महागडं, मऊ मांस इथं चालत नाही. जनावराच्या ज्या भागाला जास्त चालावं-ओढावं लागतं तो घ्यायचा: खांदा आणि पाय. ‘चांबारेते’ म्हणजे पायाचं, मधोमध नळी असलेलं मांस. या भागांत कोलॅजनची चिवट जाळी असते. मंद आचेवर तीन-चार तास शिजलं की ती विरघळते आणि तिचं जिलेटिन होतं. रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यामुळं.

हे मला नंतर कळलं. आधी मी माती खाल्ली. वाटणात मुरवलेलं मांस पातेल्यात लावून, तमालपत्र आणि पाणी घालून विहीणबाई बाजारात गेल्या. दीड तासानं मी झाकण काढून बघितलं. मांस घट्टच. डेडलाइनवर जगणारी मुलगी मी. गॅस मोठा केला. पाणी खळाखळा उकळायला लागलं, मला समाधान वाटलं.

बाई परत आल्या, आवाजावरूनच त्यांना समजलं. जोरात उकळलं की मांसाचे तंतू आकसतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात. वर चरबी रश्श्यात मिसळून तो गढूळ होतो. त्यांनी गॅस अगदी बारीक केला, दोन खुर्च्या ओढल्या आणि मला शेजारी बसवलं. पातेल्यात मिनिटाला चार-दोन बुडबुडे यावेत, इतकीच आच. बाकी आपण काही करायचं नाही. नुसतं बसायचं.

बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर जुने फोटो दाखवले. तिहुआनातली गल्ली, नवरा, शाळेच्या गणवेशातले दाजी. मी आमचे दाखवले. आईचा फोटो आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मी कॉन्सुएग्रा.’’ ट्रान्सलेटरनं त्याचं इंग्रजीत काहीतरी लांबलचक भाषांतर केलं, मुलाच्या सासूबाई वगैरे. आणि माझी ट्यूब पेटली. अरेच्चा, ही तर विहीण! इंग्रजीत या नात्याला धड शब्द नाही. स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत आहे.

साडेतीन तासांनी मांस चमच्यानं तुटायला लागलं. रश्श्यावर बोटभर तांबडं तेल तरंगत होतं. आपली तर्रीच! बाईंनी त्यात टॉर्टिया बुडवली, कोमालवर टाकली, चीज पसरलं, मांस ठेवलं, दुमडली. पहिला टाको माझ्या हातात दिला.

मी बीफ कधी खाल्लं नव्हतं. आमच्या घरी बुधवार-रविवार मटण, पण ‘ते आपण खात नाही’ हे वाक्य इतकं पूर्ण होतं, की त्याच्यापुढं कधी प्रश्नच आला नाही. खोटं कशाला सांगू, दोन सेकंद हात थांबला. बाई बघत होत्या. चार तास त्या पातेल्याशेजारी बसल्या होत्या. मी खाल्लं. आधी मक्याचा भाजका वास, मग कडेचं कुरकुरीत चीज, मग मिरची, आणि सगळ्यात शेवटी ते मांस, मऊ, गोडसर, मटणापेक्षा भारदस्त.

रात्री आईनं विचारलंच. ‘‘खाल्लंस?’’

‘‘हो.’’

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘मीठ बरोबर होतं का?’’

नऊ कोपऱ्यांचा चौक

शुक्रवारी दाजींनी सुट्टी घेतली आणि आम्हाला गावात फिरवलं. चर्च वगैरे बघून झाल्यावर एका छोट्या चौकात नेलं. नाव ‘लास नुएव्हे एस्किनास’, म्हणजे नऊ कोपरे. चौकाभोवती बिरियाची खानावळ एकाला लागून एक. आई म्हणाली, ‘‘मी बाहेर बसते.’’ दाजी घाईघाईनं इंग्रजीत म्हणाले, ‘‘हे चिवो आहे. बकरा. इथं बकऱ्याचीच करतात.’’

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असावा. मला वाटत होतं, बिरिया म्हणजे बीफच. दाजींनी खुलासा केला. हालिस्कोची मूळ बिरिया बकऱ्याची. बकरे स्पॅनिश लोकांनी आणले. या उजाड डोंगरांत ते झपाट्यानं वाढले. जून बोकडाचं मांस चिवट, उग्र वासाचं, म्हणून भरपूर मिरची-मसाला आणि रात्रभर शिजवणं. बीफ आलं ते तिहुआनात. असं सांगतात, की १९५० मध्ये ग्वादालुपे सारातेे नावाच्या पुएब्ला राज्यातून आलेल्या टाकोवाल्यानं तिथं गाडी लावली. बीफ बकऱ्यापेक्षा स्वस्त आणि कमी चरबीचं, म्हणून त्यानं त्याची बिरिया केली, पुढं पाणी वाढवून रस्सा पातळ केला आणि तिहुआनाची कॉन्सोमेवाली बिरिया जन्माला आली. तिथून ती सीमेपलीकडे लॉस एंजेलिसला गेली. २०१० च्या दशकात तिथल्या टाको-ट्रकांवरचे क्वेसाबिरिया इन्स्टाग्रामवर गाजले आणि जगाला वाटलं, बिरिया म्हणजे हीच.

आईनं वाडगा पुढं ओढला. एक चमचा घेतला. दुसरा घेतला.

‘‘हा तर तांबडाच की,’’ ती म्हणाली. ‘‘दालचिनी जरा जास्त झाल्या. खोबरं नाही, तीळ नाहीत. पण तांबडाच.’’

मग टॉर्टिया करणाऱ्या बाईकडे बराच वेळ बघत राहिली. दाजींनी सांगितलं, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन मग वाटतात. आई म्हणाली, ‘‘पानाला लावतात तो चुना?’’ तोच. त्यामुळं पीठ चिकट होतं आणि टॉर्टिया दुमडली तरी मोडत नाही. आपल्या नुसत्या मक्याच्या भाकरीला हे जमत नाही. मुख्य म्हणजे चुन्यामुळं मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपानं मका नेला, पण ही युक्ती नेली नाही. जिथं गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर होतं तिथं पेलाग्रासारखा भयंकर आजार पसरला.

परतताना गाडीत आई मला म्हणाली, ‘‘उद्या मला त्यांच्याकडे घेऊन चल.’’

दोन पातेली

शनिवारी सकाळी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात आईनं पदर खोचला आणि मला म्हणाली, ‘‘सांग त्यांना. म्हणावं, मी गाय खात नाही. तुमचा राग नाही, कमीपणा नाही. माझ्यानं होत नाही एवढंच.’’

आठ दिवस आम्ही दोघी बहिणी जे वाक्य घशात धरून फिरत होतो ते मी ट्रान्सलेटरमध्ये टाइप केलं. मोबाइलनं ते एका सपाट बाईच्या आवाजात बोलून दाखवलं.

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग भडाभडा बोलत सुटल्या. दाजी धावत आले आणि त्यांनी भाषांतर केलं, ‘‘ती म्हणतेय, मला कुणी सांगितलं का नाही? आमच्या गावात बिरिया बोकडाचीच असायची. माझी आई बोकडाचीच करायची. तिहुआनात बोकड परवडायचा नाही म्हणून मी रेसची शिकले.’’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘हे मलाही माहीत नव्हतं.’’

मग काय, दोन पातेली चढली. एकात रेस, एकात चिवो. वाटण एकच. मिरच्या आईनं भाजल्या, नाकानं. विहीणबाई शेजारी उभ्या राहून वास घेत होत्या आणि मान डोलावत होत्या. मला कुणी तव्याजवळ येऊ दिलं नाही. बोकडाच्या पातेल्यातल्या डावाला विहीणबाईंनी लाल दोरा बांधला, म्हणजे अदलाबदल नको.

रविवारी अंगणात तीस माणसं. ताई सकाळपासून टेन्शनमध्ये. आई लाल दोऱ्याच्या डावाजवळ बसली होती. तिनं दोन वाडगे रस्सा प्यायला, चार टाको खाल्ले. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा दाजी रिकामा वाडगा घेऊन टेबलाशी आले. विहीणबाई आत गेलेल्या. ताई बाळाच्या मागं. टेबलाशी फक्त आई.

दाजींनी डाव घ्यायला हात पुढं केला. आई उठली. तिनं आधी लाल दोऱ्याच्या डावाकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजींनी हळूच दुसऱ्या पातेल्याकडे बोट केलं. क्षणभर सगळं थांबलं, निदान माझ्यापुरतं तरी.

आईनं दुसरा डाव उचलला. पातेलं तळातून ढवळलं, वरची तर्री बाजूला सारून मांसाचे दोन चांगले तुकडे निवडले आणि त्यांच्या वाडग्यात वाढले. वर आणखी तर्री घातली. ‘‘बसून जेवा म्हणावं जावईबापूंना,’’ मला म्हणाली. ‘‘उभ्यानं काय जेवतात.’’

मग ती हात धुऊन आली आणि पुन्हा आपल्या जागेवर बसली. छोटं पातेलं त्यानंतर बॅगेतच राहिलं.

त्या रात्री साडेआठला, म्हणजे कोल्हापुरात सोमवारी सकाळी आठला, बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नातीला बघून झालं. मग आईनं मोबाइल पातेल्यावर धरला. बाबांनी चष्मा वर केला.

‘‘तर्री बरी दिसत्या की,’’ ते म्हणाले. ‘‘कुणी केलंय?’’

‘‘विहीणबाईंनी आणि मी,’’ आई म्हणाली.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, ‘‘जावई आहेत का तिथं? द्या जरा.’’

घरी करायचंय?

• सहा जणांसाठी दीड किलो मांस, निम्मं खांद्याचं, निम्मं नळीसकट पायाचं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासूनच होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मांस त्यात येत नाही. ते जास्त वेळ शिजवावं लागतं. नाहीतर सरळ बोकडाचं घ्या. कुणी नाक मुरडलं, तर सांगा, हालिस्कोत मुळात हीच.

• १० ग्वाहिओ, ४ आंचो, ३ आर्बोल. मिळाल्या नाहीत तर १५ ब्याडगी, ४-५ काश्मिरी, तिखटपणासाठी २ लवंगी आणि आंचोच्या गोडीसाठी चमचाभर काळे मनुके.

• वाटणात ४ टोमॅटो, १ कांदा, ८ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, पाव कप व्हिनेगर, चमचाभर जिरं, ८-१० मिरी, ३ लवंगा, इंचभर दालचिनी, २ चमचे ओरेगानो. वाटून गाळा. मांसाला मीठ आणि वाटण चोळून निदान दोन तास, जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

• ३ तमालपत्रं आणि अंदाजे दोन लिटर पाणी घालून झाकण ठेवा. अगदी मंद आचेवर तीन ते चार तास. कुकर लावायचाच असेल तर पाणी निम्मं घाला, मटणाला पाच-सहा शिट्ट्या, मग झाकण काढून वीस मिनिटं बारीक गॅसवर.

• टॉर्टियासाठी चुन्यावर प्रक्रिया केलेलं मक्याचं पीठच हवं, ते ‘मासा हारिना’ नावानं मिळतं. साधं मक्याचं पीठ तुटतं.

• टॉर्टिया फक्त वरच्या तर्रीत बुडवा, तापल्या तव्यावर टाका, त्यावर वितळणारं चीज आणि कुस्करलेलं मांस. दुमडून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करा. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. शेजारी वाडगाभर रस्सा.

• आणि पंगतीला दोन पद्धतीचं खाणारे असतील, तर पातेली दोन ठेवा. डावाला दोरा बांधायला विसरू नका. प्रोवेचो!